तह दोघांचा, कारण तिसऱ्याचे

पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने पेणकडे निघाले की थोड्याच वेळात शिरढोण लागते. वासुदेव बळवंत फडके यांचे हे जन्मगाव. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी ते येथे जन्मले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी मायभूमीपासून दूर, एडनच्या बंदिवासात त्यांचा अंत झाला. आद्य क्रांतिकारकाचे गाव म्हणून शिरढोण महाराष्ट्राला माहीत आहे. पण गावाजवळच्या डोंगरावर, अंगठ्यासारखा सुळका उभारून बसलेल्या कर्नाळा किल्ल्याचा इतिहास पाहिला, तर हा परिसर आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावा असा आहे. वैरी शेजारी एकमेकांशी तह कसे करतात, ते तह का टिकतात आणि का मोडतात, याचे तीनशे वर्षांचे धडे या एका किल्ल्याभोवती सापडतात.

आज जगात कुठे ना कुठे कालचे शत्रू हस्तांदोलन करताना दिसतात. छायाचित्रे छापून येतात, शांततेची स्वप्ने रंगवली जातात आणि काही वर्षांतच पुन्हा तोफा धडाडतात. असे का होते हे समजून घ्यायला फार दूर जावे लागत नाही. उत्तर कोकणातल्या माणसांनी हे सारे अंगावर झेललेले आहे.

बंदर आणि घाट यांच्या मध्ये

कर्नाळा हा काही राजधानीचा किल्ला नव्हे. माथा लहान, शिबंदी मोजकी. पण त्याची जागा मोक्याची. एका बाजूला पनवेलची खाडी, दुसऱ्या बाजूला आपट्याकडची पाताळगंगा, आणि या दोन जलमार्गांच्या मधून जाणारी वाट किल्ल्याच्या नजरेखाली. समुद्रातून आलेला माल खाडीने पनवेलला किंवा आपट्याला उतरायचा आणि तिथून बोरघाटाने देशावर चढायचा. देशावरचा माल त्याच वाटेने खाली यायचा. ज्याच्या हाती कर्नाळा, त्याच्या हाती या वाटेची जकात आणि या वाटेवरचा पहारा.

म्हणूनच गुजरातचे सुलतान, अहमदनगरची निजामशाही, वसईचे पोर्तुगीज, शिवाजी महाराज, मोगल, पेशवे आणि शेवटी इंग्रज, अशा सगळ्यांचा या किल्ल्याशी संबंध आला. किल्ल्यावर एक शिलालेख मराठीत आहे आणि एक फारसीत. यातले बरेचसे हस्तांतर लढाईने झाले हे खरे, पण सगळे नाही. काही वेळा किल्ला हलला तो वाटाघाटींनी. ती प्रकरणे अधिक बोलकी आहेत.

पाच हजार सोन्याचे पार्दांव

गोष्ट १५३४ पासून सुरू होते. गुजरातचा सुलतान बहादूरशाह आणि पोर्तुगीज यांचे वैर जुने होते. पोर्तुगीज आरमार गुजरातच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे जाळपोळ करीत होते. तरीही डिसेंबर १५३४ मध्ये बहादूरशाहाने त्याच पोर्तुगीजांशी तह केला आणि वसई व तिच्या हाताखालचा मुलूख, म्हणजे साष्टी आणि मुंबईची बेटेसुद्धा, त्यांना देऊन टाकली. कारण उत्तरेकडून हुमायून चालून येत होता. मोगल बादशहा दारात असताना समुद्रावर दुसरा शत्रू ठेवणे परवडणारे नव्हते. पुढच्याच वर्षी दीवला कोट बांधायची परवानगीही त्याने पोर्तुगीजांना दिली.

मग हुमायून माघारी फिरला. भीती संपली तशी मैत्रीही संपली. सवलती फार दिल्या असे सुलतानाला वाटू लागले आणि मिळालेले सोडायला पोर्तुगीज तयार नव्हते. १५३७ मध्ये पोर्तुगीज जहाजावरील भेटीनंतर दीवजवळच्या समुद्रात झालेल्या झटापटीत बहादूरशाह मारला गेला. तिसऱ्याच्या भीतीने झालेला तह तिसरा दूर होताच कसा कोसळतो, याचे हे जवळचे उदाहरण. आणि या तहानेच पोर्तुगीज कर्नाळ्याचे शेजारी झाले.

१५४० च्या सुमारास कर्नाळा गुजरातच्या अंमलाखाली होता. तो आणि पेणजवळचा सांकशी, हे दोन्ही किल्ले निजामशाहाने घेतले. गुजरातच्या अधिकाऱ्यांनी वसईचा पोर्तुगीज कप्तान फ्रान्सिस्को दे मेनेझिस याच्याकडे मदत मागितली. पोर्तुगीजांनी किल्ले जिंकून दिले आणि गुजरातच्या माणसांसोबत आपलीही शिबंदी ठेवली. निजामशाहाच्या सूडाच्या भीतीने गुजरातचे अधिकारी वसईला निघून गेले आणि किल्ल्यांवरचा हक्क त्यांनी पोर्तुगीजांना सोडला. निजामशाहाने पाच हजारांची फौज पाठवली, पण तिला किल्ले घेता आले नाहीत.

लढाईत जिंकलेले किल्ले आता पोर्तुगीजांच्या हातात होते. पण त्यांच्या व्हाइसरॉयने वेगळाच हिशेब केला. पोर्तुगीजांचे बळ आरमारात होते. समुद्रापासून आत, डोंगरावर शिबंदी ठेवायची, तिला रसद पुरवायची आणि त्यासाठी निजामशाहाशी कायमचे वैर घ्यायचे, हा व्यवहार तोट्याचा होता. त्यांना खरी गरज होती ती चौलच्या व्यापारासाठी निजामशाहाच्या सलोख्याची. त्यांनी दोन्ही किल्ले निजामशाहाला परत केले आणि त्या बदल्यात दरसाल पाच हजार सोन्याचे पार्दांव, म्हणजे सोन्याची नाणी, घ्यायचे ठरवले.

या तहात दोघांनाही आपल्या कामाचे तेच मिळाले. निजामशाहाला त्याचे किल्ले मिळाले, पोर्तुगीजांना पैसा आणि शांत शेजार. पराभूताला उपाशी ठेवून जिंकणाऱ्याचे पोट भरावे, असा हा तह नव्हता. म्हणून त्यानंतर बराच काळ या टापूत दोघे एकमेकांना सांभाळून राहिले.

आंदणात दिलेला वैराचा किल्ला

त्याच काळात देशावर यापेक्षा मोठी उलथापालथ चालली होती. अहमदनगर आणि विजापूर यांच्यात सोलापूरच्या किल्ल्यावरून पिढीजात भांडण होते. विजापूरचा अली आदिलशाह तर अहमदनगरविरुद्ध विजयनगरच्या रामरायाची मदत घेत असे. त्या मोहिमांत रामरायाचे बळ इतके वाढले, की मदत मागणाऱ्यालाच त्याची धास्ती वाटू लागली. तेव्हा जुने वैरी एकत्र आले. हुसेन निजामशाहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशाहाला दिली आणि ज्या सोलापूरसाठी एवढे रक्त सांडले, तो किल्ला लग्नात आंदण म्हणून देऊन टाकला. २३ जानेवारी १५६५ रोजी दख्खनच्या सुलतानांच्या एकत्रित फौजांनी तालिकोटच्या लढाईत रामरायाचा पराभव केला.

विजयानंतर हे मित्र पुन्हा आपसांत भांडू लागले. मग १५७० मध्ये त्यांनी नवा तिसरा शोधला. आदिलशाहाने गोव्याला वेढा घातला, निजामशाहाने चौलला, आणि कालिकतचा झामोरिनही त्यांच्या बाजूने उतरला. कर्नाळा परत मिळवून देणाऱ्या सलोख्याला तीसच वर्षे झाली होती. पण गोवा आणि चौल दोन्ही टिकले. १५७१ मध्ये वेढे उठले आणि पुन्हा तह झाले.

यातून एक नियम ठळकपणे दिसतो. दोन शेजाऱ्यांना जोडणारा शत्रू जेवढा मोठा, तेवढी त्यांची एकजूट जलद होते. पण तो शत्रू पडला, की त्यांच्यातला जुना प्रश्न जसाच्या तसा पुढे उभा राहतो. तो सोडवलेला नसतो, फक्त बाजूला ठेवलेला असतो.

चांदबीबीच्या बाबतीत मात्र या सोयरिकीतून काही टिकले. १५९५ मध्ये मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला, तेव्हा विजापूरची ही विधवा राणी माहेरच्या रक्षणासाठी उभी राहिली. विजापूरची कुमक निघाली होती. शेवटी वऱ्हाड देऊन तिने मोगलांशी तह केला आणि अहमदनगर त्या वेळेपुरते वाचवले.

पुरंदरच्या यादीतला कर्नाळा

जून १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंग आणि शिवाजी महाराज यांच्यात पुरंदरचा तह झाला. महाराजांनी मोगलांना तेवीस किल्ले दिले. त्या यादीत कर्नाळा होता. दिलेल्या मुलखाचे उत्पन्न सालाना चार लाख होनांचे आणि महाराजांकडे राहिलेल्या बारा किल्ल्यांचे एक लाख होनांचे होते.

शाळेत आपण हा तह माघार म्हणून शिकतो. त्याची दुसरी बाजू अशी, की जयसिंगाला विजापूर घ्यायचे होते आणि मराठे व विजापूर एक होतील ही त्याची मोठी चिंता होती. म्हणून त्याने महाराजांना नुसते नमवले नाही, विजापूरच्या मोहिमेत सोबत घेतले. पण ती मोहीम फसली. पुढे आग्र्याला महाराजांना दरबारात मान मिळाला नाही, उलट कैद वाट्याला आली. तहातून मराठ्यांना मिळायचे होते ते मिळाले नाही आणि गेले ते डोळ्यांसमोर राहिले. असा तह टिकणे शक्य नव्हते. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाणा परत घेतला गेला आणि मग किल्ल्यांमागून किल्ले. त्याच वर्षी मावळे मातीचे बांध घालत आणि फळ्यांचा आडोसा पुढे सरकवत कर्नाळ्यावर चढले आणि किल्ला पुन्हा स्वराज्यात आला.

याच काळात महाराज समुद्राकडच्या शेजाऱ्यांशी फार बारकाईने तह करीत होते. डिसेंबर १६६७ मध्ये पोर्तुगीजांशी झालेल्या तहातला कळीचा प्रश्न होता तो गोव्यात आसरा घेऊन स्वराज्यावर धाड घालणाऱ्या देसायांचा. सरहद्दीपलीकडे आसरा घेतलेले बंडखोर हा आजही जगभरच्या शेजाऱ्यांमधला सर्वांत जुना आणि चिवट वाद आहे. राजापूरच्या वखारीच्या लुटीवरून इंग्रजांशी जवळपास तेरा वर्षे बोलणी चालली. अखेर १६७४ मध्ये राज्याभिषेकासाठी हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला असताना तह झाला आणि भरपाईचा प्रश्न मिटला. मात्र जंजिऱ्याच्या सिद्दीशी समेट करा ही इंग्रजांची विनंती महाराजांनी नाकारली. पाचच वर्षांनी, १६७९ मध्ये, खांदेरी बेटावरून मराठे आणि इंग्रज समुद्रात लढले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तह केला. व्यापाराची गरज दोघांना होती म्हणून तह परत परत झाला. सिद्दीचा प्रश्न सुटला नव्हता म्हणून तो परत परत ताणला गेला.

वसईचा विजय आणि विजेत्याचा संयम

अठराव्या शतकात कोकणाच्या किनाऱ्यावर एकाच वेळी पाच सत्ता होत्या: पेशवे, आंग्रे, सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज, जे व्यापारात एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते, कान्होजी आंग्रे यांच्या कुलाब्यावर एकत्र चालून आले. बाजीराव फौज घेऊन मदतीला धावला. पोर्तुगीजांनी परिस्थिती ओळखली आणि जानेवारी १७२२ मध्ये मराठ्यांशी परभारे तह करून ते युतीतून बाजूला झाले. इंग्रजांना मोहीम गुंडाळावी लागली. एका शत्रूसाठी जुळलेल्या युतीत प्रत्येकाला हीच भीती असते, की जोडीदार आधी आपली सोय पाहील.

मग आली वसईची मोहीम. चिमाजी अप्पांच्या सैन्याने हजारो माणसे गमावून मे १७३९ मध्ये वसई जिंकली. एवढ्या रक्तपातानंतर सूड घेणे सोपे होते. पण शरणागतीच्या अटी पाहा. पोर्तुगीज सैनिकांना शस्त्रे आणि निशाणे घेऊन सन्मानाने बाहेर पडता आले. नागरिकांना बायकामुले आणि सामानसुमान घेऊन जाता आले. जे राहतील त्यांना आपला धर्म पाळायची मुभा मिळाली आणि काही चर्चेस त्यांच्यासाठी राखून ठेवली गेली. वसईचा ख्रिस्ती समाज आजही तिथे नांदतो आहे, मराठी बोलतो आहे आणि मराठी साहित्यात भर घालतो आहे. त्या समाजाच्या वाटचालीत या अटींचे मोल मोठे आहे. १७४० मध्ये पोर्तुगीजांशी पूर्ण तह झाला. मराठी फौजा गोव्यातल्या सासष्टीतून निघाल्या आणि चौल व कोर्लई मराठ्यांकडे आले.

या संयमाचे फळ चाळीस वर्षांनी दिसले. १७७२ मध्ये मराठी आरमाराने सांताना नावाचे पोर्तुगीज जहाज पकडले होते. त्याची भरपाई म्हणून आणि मुख्यतः इंग्रजांशी लढाई चालू असताना पोर्तुगीज त्यांच्या बाजूला जाऊ नयेत म्हणून, पुणे दरबाराने १७ डिसेंबर १७७९ रोजी पोर्तुगीजांशी मैत्रीचा तह केला. त्यानुसार बारा हजार रुपये उत्पन्नाची नगर हवेलीतली गावे त्यांना दिली गेली. ज्यांच्याशी जीव तोडून लढलो, त्यांच्याशीच हा स्नेह.

हा तह पुढे जगाच्या न्यायासनापुढे गेला. २ ऑगस्ट १९५४ रोजी स्वातंत्र्यवीरांनी नगर हवेली मुक्त केली. त्यानंतर पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. पेशव्यांनी पोर्तुगीजांना तिथले राज्य दिले होते की फक्त महसूल, यावर तिथे युक्तिवाद झाले. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने मान्य केले, की मराठ्यांनी दिला होता तो महसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे. पुढे इंग्रजी अमलात मात्र पोर्तुगीजांचे राज्य मान्य होत गेले होते. तहात काय दिले आणि काय राखून ठेवले हे नेमके लिहून ठेवण्याची किंमत कधीकधी पावणेदोनशे वर्षांनी कळते.

विजयदुर्ग: मित्रासाठी मोडलेले आपले आरमार

या साऱ्या इतिहासातला सर्वांत महाग पडलेला समेट १७५५-५६ चा. पेशवे आणि तुळाजी आंग्रे यांचे बिनसले होते. तुळाजी स्वतंत्रपणे वागत होता आणि त्याचे आरमार इंग्रजांच्या व्यापारालाही सलत होते. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि आंग्र्यांचे आरमार तिथेच जळाले. पेशवे आणि इंग्रज यांच्यात वाद झाला तो विजयदुर्ग कोणाचा यावर. ऑक्टोबर १७५६ च्या तहाने तो मिटला: विजयदुर्ग पेशव्यांना, बाणकोट इंग्रजांना.

वरकरणी हा दोघांच्या फायद्याचा सौदा होता. पण आंग्र्यांचे आरमार हेच इंग्रज आणि मराठी किनारा यांच्यामधले कुंपण होते. ते दोघांनी मिळून जाळले आणि मग दोघांमध्ये काहीच उरले नाही. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला आणि साष्टी घेतली. विजयदुर्ग पडून तेव्हा एकोणीस वर्षेही पुरती झाली नव्हती. ज्या तिसऱ्यामुळे मैत्री झाली, त्याला नष्ट करताना आपण आपलीच बाजू उघडी करतो आहोत का, हा प्रश्न पुण्यात कोणी पुरेशा गांभीर्याने विचारला नाही.

जामीन कोण?

साष्टी गेल्यावर पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले आणि पनवेलचा परिसर त्याच्या वाटेत आला. याच बाजूने कोकणातून बोरघाट चढून गेलेली इंग्रज फौज जानेवारी १७७९ मध्ये वडगावला अडकली आणि तिने साष्टी परत करायचा करार लिहून दिला. तो मुंबई आणि कोलकात्याच्या वरिष्ठांनी मानला नाही. १७८१ च्या वसंतात जनरल गोडार्ड बोरघाटापर्यंत येऊन थबकला. परत पनवेलकडे उतरताना हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकर यांनी त्याच्या फौजेला वाटेत गाठून सतत झोडपले. त्या माघारीत इंग्रजांची चारशेहून अधिक माणसे मारली गेली किंवा जखमी झाली.

त्याच काळात नाना फडणिसांनी निजाम, नागपूरकर भोसले आणि हैदरअली यांना एकत्र आणले होते. ज्या हैदराशी थोरल्या माधवरावांनी मोहिमांमागून मोहिमा करून लढा दिला, तोच आता मित्र. या दडपणामुळे आणि पनवेलच्या वाटेवरच्या माघारीमुळे इंग्रज वाटाघाटीला आले. १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, युद्धात गेलेली वसई मराठ्यांना परत मिळाली आणि पेशवेपद मागणाऱ्या रघुनाथरावाची बाजू इंग्रजांनी सोडली.

सालबाईचा तह सुमारे वीस वर्षे टिकला. त्याचे एक मोठे कारण म्हणजे महादजी शिंदे. ते नुसते मध्यस्थ नव्हते, तहाचे जामीन होते. कोणी शब्द मोडला तर त्याला जाब विचारणारा, आणि दोघांनाही ज्याचे वजन मान्य, असा माणूस मध्ये होता. वडगावच्या कराराला असा कोणी जामीन नव्हता. अडचणीत सापडलेल्या सेनापतीने सुटकेसाठी लिहून दिलेला तो कागद होता आणि तो तसाच ठरला.

सगळ्यांचा मित्र एकच

महादजी १७९४ मध्ये गेले, नाना फडणीस १८०० मध्ये. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईलाच इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. या तहातली घातक अट सैन्याच्या खर्चाची नव्हती. इंग्रजांच्या संमतीवाचून पेशव्यांनी इतर सत्तांशी परस्पर व्यवहार करायचा नाही, ही होती. निजामाशी असाच तह आधी झाला होता, पुढे शिंदे, भोसले, होळकर यांच्याशीही असेच तह झाले. प्रत्येकाचे संबंध इंग्रजांशी, एकमेकांशी कोणाचेच नाहीत. अडीचशे वर्षे या भूमीत कालचा शत्रू आजचा मित्र होऊ शकत होता. ती शक्यताच आता संपवण्यात आली. १८१८ च्या जानेवारीत कर्नल प्रोथरने कर्नाळा घेतला. तेव्हा किल्लेदार होते अनंतराव फडके, वासुदेव बळवंतांचे आजोबा.

नातवाने १८७९ मध्ये काय केले ते या पार्श्वभूमीवर पाहावे. पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात नोकरी केलेल्या या माणसाने रामोशी, कोळी, धनगर यांना एकत्र केले. सरकारी फौजेचा पाठलाग वाढला तेव्हा तो निजामाच्या मुलखात गेला आणि रोहिल्यांची मदत घ्यायचा त्याने प्रयत्न केला. शंभर वर्षांपूर्वी ही चाल यशस्वी झाली असती. शेजारच्या राज्याला इंग्रजांविरुद्ध मित्र हवाच असता. पण १८७९ मध्ये हैदराबादचे पोलीस अधिकारी अब्दुल हक आणि इंग्रज मेजर डॅनियल यांनी मिळून त्याचा माग काढला आणि जुलैमध्ये देवर नावडगी येथे त्याला पकडले. वासुदेव बळवंतांचे धाडस कमी पडले नाही. ज्याच्याकडे जावे असा स्वतंत्र शेजारीच उरला नव्हता.

आजचे शेजारी

हे सारे आजच्या जगाला लावून पाहता येते. इथिओपिया आणि इरिट्रिया १९९८ ते २००० या काळात भयंकर लढले. जुलै २०१८ मध्ये त्यांनी शांतता जाहीर केली आणि २०१९ मध्ये इथिओपियाचे पंतप्रधान आबी अहमद यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. पण दोन्ही सरकारांना सलणारा तिसरा होता, इथिओपियाच्याच तिग्राई प्रांतातला सत्ताधारी पक्ष. नोव्हेंबर २०२० मध्ये तिग्राईत युद्ध पेटले आणि इरिट्रियाचे सैन्य इथिओपियाच्या बाजूने त्यात उतरले. २०२२ मध्ये इथिओपियाने तिग्राईशी समेट केला. त्यात इरिट्रिया सहभागी नव्हता, आणि दोन्ही देशांतले संबंध पुन्हा ताणले गेले. विजयदुर्गाची गोष्ट वाचलेल्या मराठी वाचकाला याचे आश्चर्य वाटू नये.

याउलट फ्रान्स आणि जर्मनी पाहा. सत्तर वर्षांत तीन मोठी युद्धे झाल्यावर त्यांनी १९५१ मध्ये कोळसा आणि पोलाद, म्हणजे युद्धाचाच कच्चा माल, शेजाऱ्यांसह सामायिक व्यवस्थेखाली आणला. १९६३ मध्ये द गॉल आणि आडेनाउअर यांनी मैत्रीचा तह केला आणि त्यात तरुणांच्या देवाणघेवाणीलाही जागा दिली. त्यांनाही सोव्हिएत संघाची धास्ती होती, तिसरा त्यांच्याही कथेत होताच. पण सोव्हिएत संघ गेला तरी ही मैत्री राहिली, कारण दरम्यानच्या काळात दोन समाज रोजच्या व्यवहाराने बांधले गेले होते.

आपल्या घरचे उदाहरणही आहे. भारत आणि बांगलादेश यांनी ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या वस्त्यांची अदलाबदल केली. भारताच्या १११ आणि बांगलादेशाच्या ५१ वस्त्या होत्या. १९७४ मध्ये झालेला करार अमलात यायला चार दशके लागली. जमिनीच्या हिशेबात भारताकडून अधिक गेली. पण ना शाळा, ना दवाखाना, ना ओळखपत्र अशा अवस्थेत राहणाऱ्या हजारो माणसांना देश मिळाला. आपल्याला न झेपणारा प्रदेश देऊन शांत शेजार मिळवणे ही दुर्बलता नव्हे, हे कर्नाळा परत करणाऱ्या व्हाइसरॉयलाही कळले होते.

समेटाची बातमी आली की आनंद व्हावा, कारण तेवढे दिवस तरी माणसे मरत नाहीत, शेते जळत नाहीत आणि घाटाच्या वाटा चालू राहतात. पण आनंदाबरोबर प्रश्नही विचारावेत. हा तह कोणत्या तिसऱ्यामुळे झाला आणि तो उद्या नसला तर काय उरेल? हरलेल्याला जगण्यापुरते आणि मानाने राहण्यापुरते काही दिले आहे का? शब्द मोडला तर जाब विचारणारा कोणी आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे, शेजारी एकमेकांशी थेट बोलत आहेत की तिसऱ्या बलाढ्याच्या तोंडून? वसईची शरणागती आणि सालबाईचा तह या प्रश्नांना उत्तर देऊ शकले, म्हणून त्यांची फळे टिकली. विजयदुर्गाचा सौदा आणि दुसऱ्या बाजीरावाचा तह देऊ शकले नाहीत आणि त्याची किंमत शिरढोणच्या एका नातवाला एडनमध्ये मोजावी लागली. शेजाऱ्याशी थेट बोलण्याची वाट स्वतःच्या हातात ठेवणे, हेच कोणत्याही देशाच्या स्वातंत्र्याचे पहिले रक्षण आहे.